पांढरा रुमाल

इंदूरला, राजेंद्रनगरच्या मागच्या गल्लीत
आमच्या परसात तीन कडकनाथ:
शाई, दौत, आणि तो टाक,
जो पहाटे चारला आरवतो
नि कॉलनीची बोलणी मला खायला लावतो.
छत्तीस वर्षं लाल शाईनं वह्या तपासल्यावर
दुसरी नावं सुचणार तरी कुठून?

आश्विनात काहीतरी चुकायला लागलं.
दिवे लागले की आपसूक खुराड्यात शिरणारी दौत
पेरूच्या फांदीवर जाऊन बसली.
हाकललं. उतरली नाही.
आठवड्याला चार अंडी होती, दोन झाली, मग एक.
साधी गावठी असती तर तुरा पाहून कळलं असतं.
काळ्याचं फिकं पडणं
मला वाचता येईना.

कैलास कुंपणावरून म्हणाला, "सरजी, कीड़े हैं.
सांवेर से सोयाबीन का स्प्रे आया पड़ा है,
दो ढक्कन मारो, खेल खतम."
बाटली आणूनही दिली.
लाल त्रिकोण, कवटी, खाली बारीक अक्षरं.
बारीक अक्षरं वाचायची माझी जुनी खोड.
वाचली.
बाटली तशीच कुंपणावरून परत.

डॉक्टर भाबर झाबुआच्या, शिकल्या महूला.
म्हणाल्या, आमच्याकडे हिला कालामासी म्हणतात,
आणि दिवसा तिच्या पिसांत काय शोधताय?
रात्री दहानंतर
दांडीच्या खालच्या अंगानं पांढरा रुमाल फिरवा.

फिरवला.
टॉर्च दातांत, गुडघे मातीत.
रुमालभर बारीक लाल रेघा,
चुकलेल्या वेलांटीखाली मी ओढायचो तशा.
शाईचा डाग होता तो.
खरोखर शाईचा.
बांबूच्या पेरात, खिळ्याच्या भोकात
खसखशीएवढे, पिऊन तट्ट झालेले
लाल कोळी.
दिवसभर ते लाकूड होते.

रविवार सगळा त्यातच गेला.
पेंढा गल्लीच्या टोकाला नेऊन जाळला,
दांड्या उपसून उन्हात,
आणि चहाच्या पातेल्यापासून बंबापर्यंत
घरातलं यच्चयावत पाणी उकळून फटींत ओतलं.
मग चुन्याचे दोन हात.
तो वाळेपर्यंत टाक माझ्याकडे
बदली झालेल्या हेडमास्तरासारखा बघत होता.
जुन्या टायरात चाळलेली राख आणि कोरडी वाळू:
शाई तिच्यात पडली, डोळे मिटून,
एक पाय कसाही वर.
औषध डॉक्टरांनी स्वतः दिलं, थेंब मोजून,
त्याआधी प्रत्येकाला भाजीवाल्याच्या काट्यावर तोललं.
दौत सव्वा किलो. वाटली होती त्याहून कमी.
"अंडी कुठल्या तारखेपर्यंत खायची नाहीत, लिहून देते."
मी म्हटलं, सांगा, लक्षात राहील.
त्यांनी लिहूनच दिलं.

तारीख उलटेपर्यंत जे एखादं अंडं आलं
ते पपईखाली खोल पुरलं.
पुरताना वाईट वाटलं, एवढंच.

"हो गया, सरजी?"
नाही रे. अंडी त्यांचीही असतात,
चुन्यातून वाचलेली, उकळीतून वाचलेली,
आठवड्यानं डोळे उघडणारी.
सातव्या दिवशी पुन्हा बंब पेटवला.
पुन्हा रुमाल: दोन ठिपके.
वर्गात सांगायचो, स्वतःचा निबंध
एकदा वाचून कुणाला आपली चूक दिसत नाही.
मागच्या बाकावरचे तेव्हाही हसायचे.

चौदाव्या रात्री रुमालावर
एक काळं पिसाचं टोक,
थोडा चुना.
टॉर्चच्या उजेडात दोघींचे पाय मोजले. चार.
पेरूवर कोणी नव्हतं.
खात्री करावी म्हणून उजेड जरा वर नेला,
आणि टाकाला वाटलं, उजाडलं.

साडेदहा वाजता रात्री
तो असा काही आरवला
की कैलासच्या खिडकीत दिवा लागला,
मग समोरच्यांच्या,
मग त्यापलीकडच्या.
मी रुमाल हळूच खिशात घातला.